चिघळण्याची शक्यता

१६ नोव्हेंबर

आजपासून मी पत्रकार. ओळखपत्र आलं. ‘सदानंद पालव, वार्ताहर, आचरा विभाग, दैनिक दर्यावार्ता.’ फोटोत मी घाबरल्यासारखा दिसतो, पण तो पोस्टातला जुना फोटो आहे. छत्तीस वर्षं लोकांच्या बातम्या पाकिटाबाहेरून हाताळल्या, आता आतला मजकूर आपण लिहायचा. बायकोला, विनीताला, कार्ड दाखवलं. तिने हात पुसून ते उलटसुलट करून पाहिलं आणि यावर एसटीत सवलत मिळते का, असं विचारलं. मिळत नाही.

पहिली बातमी पाठवली. कुसबे गावात गांगो देवाच्या जत्रेच्या तयारीची बैठक शांततेत पार पडली. एकशेवीस शब्द. शुद्धलेखन तीनदा तपासलं.

१८ नोव्हेंबर

बातमी आली नाही. कुडाळच्या कचेरीत यज्ञेशना फोन केला. आमच्या भागाच्या बातम्या तेच बघतात. मला पालवकाका म्हणतात, पण बोलतात हेडमास्तरांसारखं. म्हणाले, “काका, शांततेत जे होतं ते लोकांना न वाचताच कळतं. काहीतरी चिघळलं पाहिजे.”

मी म्हटलं, बैठकीत काही चिघळलं नाही. मंडप पिंपळाच्या बाजूला घालायचा की विहिरीच्या, यावर दोघं थोडे बोलले, मग सगळ्यांनी चहा घेतला.

“मग ‘चिघळण्याची शक्यता’ लिहा. शक्यता कुठेही असते.”

हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

१९ नोव्हेंबर

आली. ‘मंडपावरून वाद चिघळण्याची शक्यता’, आणि खाली माझं नाव. आचरा तिठ्यावर तिघांनी थांबवून विचारलं की नक्की काय झालं. मी सांगितलं, ‘अजून व्हायचंय.’ त्यांना ते पटलं.

आजचा अंक लाल पेन घेऊन वाचला. एकूण सात गोष्टी चिघळल्या आहेत. मासळीच्या लिलावाची जागा, स्मशानाची वाट, शाळेतली खिचडी, दोन रिक्षावाले, एक बंद पथदीप आणि बाकी राजकारण. शब्द मोठा गुणी आहे. मारामारी झाली म्हटलं तर कोणी मारलं ते सांगावं लागतं, आणि मग तो माणूस दारात येतो. वाद चिघळला म्हटलं की कोणी येत नाही. तो आपला आपणच चिघळतो, पावसात लाकूड कुजावं तसा.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टप्पे लिहून भिंतीला लावले. आधी वातावरण तापतं, मग प्रश्न ऐरणीवर येतो, मग चिघळतो, मग तणावपूर्ण शांतता, शेवटी पडदा पडतो. पोस्टात डाकगाडीचं वेळापत्रक असायचं त्याची आठवण झाली. फरक इतकाच की ही गाडी कधी चुकत नाही.

२३ नोव्हेंबर

आज घबाड सापडलं.

जत्रेचा नारळ ठेवायचा होता म्हणून देवळात गेलो. कुसब्यात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने मागणं मांडायचा, मान घाड्यांच्या घराचा. तीस वर्षं सत्यवानदादा घाडी घालत आले. त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे काय सांगू, गावातली घरं, माणसं, गुरं, शेवटी हद्दीवरच्या राखणदारांची बारा ठिकाणं, एकेकाचं नाव घेऊन, एका दमात. आणि प्रत्येक ओळीमागे सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ऐकताना मला वाटायचं की देव त्यांच्याच ओळखीचा आहे.

तर आज दादा पुढे झालेच नाहीत. त्यांचा चुलतभाऊ धोंडू, माझ्या वर्गातला, तो पुढे झाला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. तेही अर्धंच. हद्दीपर्यंत आला आणि नारळ ठेवून मोकळा झाला. दादा भर दुपारी गळ्याला मफलर गुंडाळून खांबाला टेकून उभे. नजर जमिनीवर. सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असताना त्यांच्या तोंडून एकदाही ते आलं नाही. मी मुद्दाम बघत होतो.

याचा अर्थ न कळायला मी काय कालचा आहे? बातमी लगेच पाठवली. ‘गाऱ्हाण्याच्या मानावरून घाडी बंधूंतील वाद चिघळण्याची शक्यता.’

२४ नोव्हेंबर

पहिल्या पानावर. खालच्या कोपऱ्यात आहे, पण पहिल्या पानावर. यज्ञेशनी स्वतः फोन करून ‘काका, जमलं’ म्हटलं. मला भरून आलं. पोस्टात छत्तीस वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं.

विनीताने वाचून पेपर खाली ठेवला. दोघं भाऊ एका खळ्यात, एकाच अंगणात, राहतात, एकाची पेज दुसऱ्याच्या घरी जाते, मग वाद कसला, असं तिचं म्हणणं. मी चिघळण्याची शक्यता म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, “चिघळता ती जखम. आणि खाजवल्याशिवाय ती चिघळणा नाय. तेंच्या गळ्याक मफलर कित्याक, ता इचारलास काय?”

विनीताला बातमीतलं काही कळत नाही.

२६ नोव्हेंबर

दोन्ही बाजू घ्यायच्या असतात म्हणून कुसब्याला गेलो. दोन्ही घरांच्या मधे एकच शेणाने सारवलेलं खळं आहे. दादा ओटीवर गरम पाण्याचा पेला घेऊन बसले होते. मी विचारलं, मान गेल्यामुळे आपल्या भावना काय? दादा हसले, पेला वर करून दाखवला, मग तोंडावर बोट ठेवलं. खोकल्यासारखं काही तरी केलं आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मी तीन वेळा विचारलं. तीनदा बोटच. बोलायचं नसेल तर माणसाने सरळ तसं सांगावं.

धोंडूच्या घरी गेलो तर तो घामाघूम झाला. “सदा, हेच्यात काय एक नाय. जत्रा होवंदे, मग सगळा सांगतंय तुका.” म्हणजे जत्रेपर्यंत काहीतरी दडवायचं आहे.

निघताना आणखी एक समजलं. शेजारच्या बाईने सांगितलं की गेला महिनाभर धोंडू रोज तिन्हीसांजेला दादांकडे जातो, दोघं देवघराचं दार लोटून घेतात आणि आतून पुटपुटल्याचा आवाज येतो. भांडताना लोक ओरडतात, हे पुटपुटतात. प्रकरण फार पुढे गेलेलं दिसतंय.

मथळा मीच सुचवला. ‘सत्यवान घाडी यांचे सूचक मौन, बंद दाराआड खलबते.’

२९ नोव्हेंबर

दादांचा मुलगा मंगेश मुंबईहून आला. बातमी त्यांच्या गावमंडळाच्या व्हॉट्सॲपवर फिरली, त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं, त्यामुळे त्याला तिकडे राहवेना. धोंडूचा मुलगा दीपेश तळेऱ्याला गॅरेज चालवतो, तोही चार माणसं घेऊन आला. बापाला पेपरात मानाचा चोर ठरवलं म्हणून. मी चोर लिहिलं नव्हतं. चोर हा शब्द खाली कोणीतरी लिहिला.

दोघं खळ्यात समोरासमोर आले. मंगेशने धोंडूला विचारलं, माझा बाप उभा असताना तू पुढे झालास कसा? धोंडू म्हणाला, दादाकच इचार. सगळे दादांकडे वळले. दादांनी तोंड उघडलं, हात हलवले, काहीतरी फुसफुस झालं, पण तोपर्यंत दीपेशने मंगेशची कॉलर धरली होती.

मी तिथेच होतो. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी भीती वाटली. पण हातही शिवशिवत होते. आता ‘शक्यता’ काढून टाकता येणार होती.

३० नोव्हेंबर

‘वाद चिघळला.’ दोनच शब्द, पाच रकाने.

विनीताने आज पेपर न उघडताच रद्दीत टाकला. यावर मी काही लिहीत नाही.

१ डिसेंबर

मंगेशने खळ्याच्या मधोमध पत्रे उभे केले. अख्ख्या कुसब्यात एवढं सारवलेलं खळं नव्हतं. धोंडूला या बाजूला पाय ठेवू द्यायचा नाही, असं त्याने जाहीर केलं. तिन्हीसांजेचं ते पुटपुटणं त्यामुळे बंद झालं. मी त्याची वेगळी बातमी केली. ‘खलबतांना चाप.’

४ डिसेंबर

मालवणला तहसील कचेरीत बैठक. मंडळ अधिकारी, पोलीस आणि दोन्ही बाजू. मलाही खुर्ची मिळाली. साहेब सभ्य, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांच्यापुढे फाईल होती आणि फायलीत पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच बातम्यांची कात्रणं. दुसरा पुरावाच नव्हता. मी अंग चोरून बसलो, पण आतून बरं वाटत होतं हे खोटं कशाला बोलू.

साहेबांनी तोडगा काढला. दोघांपैकी कोणी गाऱ्हाणं घालायचं नाही. गाऱ्हाण्याचा मजकूर लेखी स्वरूपात, दोन प्रतींत, तीन दिवस अगोदर कचेरीत सादर करावा. आक्षेपार्ह काही नसल्याची खात्री झाल्यावर तो त्रयस्थ व्यक्तीने वाचून दाखवावा.

मग धोंडू उठला. “सायब, गाराणा लिवूचा नसता. ता कानात घालूचा असता. दादाच्या बापाशीन दादाच्या कानात घातल्यान. आता...” आणि तिथे थांबला. दादा त्याच्याकडे बघत होते, मान हळूहळू आडवी हलवत. दादांची शाळा सहीपुरती. लिहून देणार तरी कसे?

साहेबांनी ‘आता काय?’ म्हणून विचारलं. धोंडू खाली बसला. मी वहीत लिहिलं: धोंडू घाडी निरुत्तर.

७ डिसेंबर

फुटलं. मंगेशला बापाच्या ट्रंकेत कोल्हापूरच्या इस्पितळाचे कागद मिळाले. दादांच्या गळ्यात गाठ आहे. स्वरयंत्र काढायचं ठरलंय, तारीख सोळा डिसेंबर. दोन महिन्यांपासून आवाज जात होता. मुलाला कळलं तर तो उचलून मुंबईला नेईल, म्हणून जत्रेपर्यंत कोणाला सांगायचं नाही अशी त्यांनी धोंडूकडून देवाची शपथ घेतली होती. आणि रोज संध्याकाळी दार लोटून, उरल्यासुरल्या आवाजात, ते त्याला गाऱ्हाणं शिकवत होते. घरं झाली होती, माणसं झाली होती, हद्दीवरच्या बारा ठिकाणांपैकी सात झाली होती. पाच राहिली. मग पत्रे लागले. ती पाच ठिकाणं आणि तिथे काय मागायचं ते आता एकट्या दादांना माहीत आहे.

हे सगळं धोंडूने तिठ्यावर उभं राहून, रडत सांगितलं. मला वाटलं, झालं, पडदा पडला. मन हलकं झालं, कारण दोन-तीन दिवस माझी झोप नीट नव्हती. पण मंगेश म्हणाला, माझ्या बापाचा आजार माझ्यापासून दडवला, मान मिळावा म्हणूनच. आणि दीपेश म्हणाला, आधी पेपरातून माफी, मग काय ते बोलणं. पत्रे तसेच राहिले.

विनीताने विचारलं, आता काय लिवतलास? मी म्हटलं, जे झालं ते. यज्ञेशना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, फार वाईट झालं हो काका, आणि मथळा सांगितला. ‘आजार दडवल्याचा आरोप, घाडी प्रकरण आणखी चिघळले.’

मी ‘नको’ म्हणणार होतो. फोन ठेवल्यावर म्हणालो.

८ डिसेंबर

मफलरबद्दल मी विचारलं नाही, हे खरं. पण कोणीच विचारलं नव्हतं. धोंडूने सांगायला हवं होतं. दादांनी खूण तरी नीट करायला हवी होती. पत्रकाराने दिसेल तेवढंच लिहायचं असतं.

हे वाचून पाहिलं. पोस्टात हरवलेल्या पार्सलवर आम्ही अशीच उत्तरं पाठवायचो.

११ डिसेंबर

जत्रा झाली. पोलिसांच्या दोन गाड्या, नेहमीपेक्षा कमी दुकानं, गोड खाज्याची एकच रांग. लेखी मजकूर कोणी दिलाच नाही. गाऱ्हाण्याची वेळ आली तेव्हा लोकांनी सवयीने टोप्या काढल्या, हात जोडले आणि देवाकडे तोंड करून उभे राहिले. कोणी काही म्हटलं नाही. दादा एका बाजूला, धोंडू दुसऱ्या बाजूला, मधे हवालदार. असा किती वेळ गेला माहीत नाही. मागून एक म्हातारा ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. पुढे काही नसताना. कोणी हसलं नाही.

‘जत्रा तणावपूर्ण शांततेत.’ कॅलेंडरवरच्या चौथ्या टप्प्यावर खूण केली नाही. कॅलेंडर काढून टाकावं असं वाटतंय, पण डिसेंबर संपायचा आहे.

१४ डिसेंबर

दादांना आज फोंडाघाटामार्गे कोल्हापूरला नेलं. यज्ञेशना त्यांची प्रतिक्रिया हवी होती, शेवटची. मी सकाळी सातला कुसब्यात पोचलो. मंगेश पिशव्या ठेवत होता. दादा गाडीत मागच्या सीटवर, काच खाली. पत्र्यांच्या पलीकडे धोंडू उभा होता, कशावर तरी चढून, फक्त डोकं दिसत होतं. दीपेश त्याला खाली ओढत होता.

दादांनी त्याला पाहिलं. खिडकीतून बाहेर झुकले, गाडीच्या दारावर बोटांनी ताल धरला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. इतक्या दिवसांनी दादा बोलत होते. मला वाटलं मौन सुटलं, आता मनातलं सगळं सांगणार. धोंडूपर्यंत काही पोचत नव्हतं, तो कानामागे हात धरून ‘दादा, जरा मोट्यान’ म्हणत होता. मी मात्र अगदी जवळ होतो. पळत जाऊन फोन त्यांच्या तोंडाशी धरला आणि रेकॉर्डिंग लावलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची नजर धोंडूवर. साधारण दीड मिनिट. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, मंगेशने काच वर केली आणि गाडी गेली.

माझी तारीफ करण्यासारखं यात काही नाही, पण त्यांच्या सर्वांत जवळ मी होतो एवढं खरं.

१५ डिसेंबर

‘सत्यवान घाडी यांची माघार, वादावर पडदा?’ हा मथळा मी दिलेला नाही. मी ‘उपचारासाठी रवाना’ लिहिलं होतं. यज्ञेशना फोन केला. म्हणाले, रवाना कोण वाचतं काका. आणि जानेवारीत तालुका प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव पाठवतोय.

विनीताने ओळखपत्र खुंटीवरून काढून कपाटात ठेवलं. मी विचारलं नाही.

१७ डिसेंबर

ऑपरेशन काल झालं. मंगेशने गावमंडळावर कळवलं, प्रकृती बरी आहे, आवाज आता येणार नाही.

सकाळी धोंडू आला. पायरीवरच बसला, आत येईना, चहा घेईना. मला वाटलं जाब विचारायला आला. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. त्याने जाब विचारला नाही.

“सदा, दादा त्या दिवशी माका ती पाच ठिकाणां सांगी होतो. तेच्या बोटांवरसून माका कळला. पण आयकाक काय एक इला नाय. तुझो फोन तेच्या तोंडाकडे होतो. वायच लाव.”

ते रेकॉर्डिंग मी परत ऐकलं नव्हतं. प्रतिक्रिया छापलीच गेली नाही, मग ऐकून काय करायचं. फोन आणला, आवाज पूर्ण वाढवला आणि त्याच्या कानाशी धरला. विनीता दारात येऊन उभी राहिली.

आधी गाडीचं इंजिन. मग दारावर बोटं वाजल्याचा आवाज, अगदी स्पष्ट. त्याखाली वारा गवतातून जावा तसं काहीतरी सुरू झालं, आणि त्यावर मोठ्याने, एकेक शब्द सुटा, शुद्ध मराठीत: “दादा, आपली प्रतिक्रिया काय? वाद चिघळला, याला जबाबदार कोण? दादा, जरा स्पष्ट बोला. वाद चिघळायला जबाबदार कोण, असं आपल्याला वाटतं?” मी इतका ओरडून बोलतो हे मला माहीत नव्हतं. मी श्वास घ्यायला थांबतो तिथे एक शब्द ऐकू येतो, ‘वडाकडचो’. मग पुन्हा मी. मग खोकला.

धोंडूने डोळे मिटून परत लावायला सांगितलं. परत लावलं. ‘वडाकडचो’, आणि पुढे मी. कुसब्याच्या हद्दीवर वड पुष्कळ आहेत.

“तुझोच आवाज येता रे,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. पोस्टात लोक यायचे आणि आपलं पत्र आलं नाही म्हटल्यावर दुसऱ्या गठ्ठ्यात बघा म्हणायचे, तसा तो म्हणाला, “आजून एकदा लाव.”

मी लावलं. तिसऱ्या वेळीही मीच बोलत होतो.